म्हातारबुवा गेले, हाक मागे राहिली

वडिलांनी जगाला मशीनगन दिली. मुलाने जगभरच्या हौशी पोरांना एकमेकांशी बोलायला शिकवले. हायरम पर्सी मॅक्सिम या लाडक्या गुरूला जाऊन कित्येक वर्षे लोटली, तरी त्यांच्या नावाची हाक आकाशातून आजही ऐकू येते.

एप्रिल १९१४. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातले हार्टफर्ड शहर. एक गृहस्थ घरातल्या बिनतारी यंत्राशी झटत होते. वय चव्वेचाळीस. शहरात नावाजलेले इंजिनियर, स्वतःचा कारखाना, घरी बायको आणि मुले. सगळे काही असूनही ह्या यंत्रापुढे बसले की ते शाळकरी पोरासारखे होऊन जात.

त्या काळी घराघरांत असणाऱ्या ह्या यंत्रांतून माणसाचा आवाज जात नसे. खटका दाबला की विजेची ठिणगी कडाडून पडे. ठिणगी क्षणभर पडली की टिंब, जरा जास्त वेळ पडली की रेघ. मोर्सच्या ह्या टिंब-रेघांच्या लिपीत एकेक अक्षर जोडत निरोप द्यायचा आणि पलीकडच्याने कान देऊन तो कागदावर उतरवायचा.

गृहस्थांना निरोप धाडायचा होता तो सुमारे चाळीस किलोमीटरवरच्या स्प्रिंगफील्डला. यंत्र एक किलोवॅट ताकदीचे होते. हौशी माणसाला त्याहून मोठे वापरायला कायद्याची परवानगीच नव्हती. तरी निरोप काही पोचेना. मग त्यांना आठवले, वाटेवर विंडसर लॉक्स नावाचे गाव आहे आणि तिथेही एक हौशी यंत्रवाला राहतो. त्यांनी त्याला हाक मारली, निरोप त्याच्या हवाली केला आणि त्याने तो पुढे स्प्रिंगफील्डला पोचवला.

गोष्ट एवढीशीच. आपल्याकडे स्लॅब पडताना घमेले हातोहात वर जाते, तशीच. दुसरा कोणी असता तर काम झाले म्हणून विसरून गेला असता. ह्या गृहस्थांच्या मनात मात्र प्रश्न उभा राहिला : एका मधल्या माणसामुळे चाळीस किलोमीटर साधले, तर अशी माणसे देशभर उभी केली तर?

त्या गृहस्थांचे नाव हायरम पर्सी मॅक्सिम. आज जगात लाखो लोक ज्याला ‘हॅम रेडिओ’ म्हणतात, त्या हौशी रेडिओच्या दुनियेत हे नाव घरातल्या वडीलधाऱ्यासारखे घेतले जाते.

पोरांच्या क्लबातला मोठा माणूस

हार्टफर्डमध्ये तेव्हा नुकताच एक रेडिओ क्लब सुरू झाला होता. सभासदांत तरुण पोरे बरीच. क्लबाचा चिटणीस क्लॅरेन्स टस्का याने अजून विशीही गाठलेली नव्हती. चव्वेचाळीस वर्षांचे मॅक्सिम ह्या मुलांत येऊन बसत, त्यांच्याइतक्याच उत्साहाने यंत्रांच्या गप्पा मारत.

एप्रिलमधल्याच बैठकीत त्यांनी आपली कल्पना क्लबापुढे मांडली. गावोगावच्या हौशी केंद्रांची साखळी करायची. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला निरोप द्यायचा, अगदी फुकट. क्लबाने होकार दिला आणि ‘अमेरिकन रेडिओ रिले लीग’ जन्माला आली. रिले म्हणजे हातोहात पुढे देणे. संस्थेचे कामच तिच्या नावात होते.

ह्या साखळीची गरज का पडली, तेही समजून घ्यायला हवे. १९१२ साली अमेरिकेत कायदा झाला आणि हौशी लोकांना २०० मीटर व त्याखालच्या तरंगलांबीवर ढकलण्यात आले. लांबच्या पल्ल्याला ह्या लहरी निरुपयोगी, अशीच जाणत्यांची समजूत होती. ‘घ्या, खेळा’ म्हणून पोरांना गावाबाहेरची ओसाड जमीन द्यावी, तसा हा प्रकार. एकट्याचा आवाज दूर जात नाही म्हणून सगळ्यांनी हात धरून रांग करायची, हा मॅक्सिम यांनी शोधलेला उपाय.

उपाय लागू पडला. फेब्रुवारी १९१७ मध्ये न्यूयॉर्कहून सुटलेला निरोप केंद्रामागून केंद्र ओलांडत दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियाला गेला आणि त्याचे उत्तर परतही आले. सगळा वेळ मिळून १ तास २० मिनिटे. ह्या रांगेत एकही पगारी माणूस नव्हता.

बाप तोफांचा, लेक गप्पांचा

मॅक्सिम हे आडनाव जगाला आधीच ठाऊक होते, ते वेगळ्याच कारणाने. हायरम पर्सींचे वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम यांनी १८८४ साली स्वयंचलित मशीनगन बनवली. पुढच्या युद्धांत ह्या बंदुकीने किती माणसे कापली, त्याची मोजदाद करणे कठीण. ह्या शोधामुळे वडील इंग्लंडात ‘सर’ झाले.

पण वडिलांच्या कीर्तीत मुलाच्या वाट्याला फारसे काही आले नाही. १८८१ मध्ये वडील कामानिमित्त युरोपला गेले आणि पुढे तिकडचेच झाले. हायरम पर्सी तेव्हा बारा वर्षांचेही नव्हते. आईपाशी वाढलेल्या ह्या मुलाने सोळाव्या वर्षी एमआयटी ह्या नामांकित संस्थेतून पदवी घेतली. वर्गात सर्वांत लहान तेच. पुढे मोटारगाड्यांच्या अगदी पहिल्या काळात त्यांनी गाड्या बनवल्या. १९०९ साली बंदुकीचा आवाज दाबणाऱ्या नळीचे पेटंट घेतले. बापाने बंदुकीला तोंड दिले आणि लेकाने तिचे तोंड दाबले!

वडिलांविषयी त्यांनी कडवटपणे लिहिले नाही, हेही नोंदवायला हवे. उतारवयात त्यांनी बालपणीच्या आठवणींचे पुस्तक लिहिले. त्यात वडिलांच्या खोड्या, विक्षिप्तपणा आणि अफाट बुद्धी यांचे मिस्कील चित्र आहे. ज्याला स्वतःच्या वडिलांचा सहवास जेमतेम लाभला, तो माणूस पुढे इतरांच्या हजारो मुलांना वडिलांच्या मायेने शिकवत राहिला.

खाष्ट लेखक कोण?

डिसेंबर १९१५ मध्ये मॅक्सिम आणि टस्का यांनी स्वतःच्या खिशाला खार लावून मासिक सुरू केले. नाव ‘क्यूएसटी’. बिनतारी संदेशांच्या सांकेतिक भाषेत ह्याचा अर्थ ‘सर्व केंद्रांसाठी निरोप’. हे मासिक आजही निघते.

जानेवारी १९१७ च्या सुमारास ह्या मासिकात एक नवा लेखक अवतरला. नाव नाही, गाव नाही. लेखाखाली सही ‘द ओल्ड मॅन’. आपल्या भाषेत म्हातारबुवा. हे म्हातारबुवा भलतेच खाष्ट. ‘सगळे सडले आहे’ ही त्यांची कायमची तक्रार. रात्री यंत्रापुढे बसावे, दूरचे केंद्र कसेबसे कानावर यावे आणि तेवढ्यात शेजारच्या कोणा उतावळ्याने मध्येच ठिणग्यांचा कडकडाट सुरू करावा! कोणी एकच हाक वीस वेळा मारतो, कोणी स्वतःचे नाव सांगायलाच विसरतो, कोणाची टिंबे आणि रेघा ओळखूच येत नाहीत. म्हातारबुवा सगळ्यांची सालटी काढत.

बेशिस्तांना वठणीवर आणण्यासाठी त्यांनी एक हत्यारही कल्पिले होते, ‘वूफ हाँग’. ते कसे वापरायचे, कोणालाच ठाऊक नव्हते. युद्धानंतर एके दिवशी वेड्यावाकड्या लाकडाचे एक अजब चिन्ह म्हातारबुवांकडून खरोखरच लीगच्या कचेरीत येऊन पडले. ते तिथे जपून ठेवले आहे. वाचक पोट धरून हसत. हसता हसता शिकतही. कारण ज्याच्यावर हसायचे, तो दोष आपल्यातही आहे हे एव्हाना लक्षात आलेले असे.

चांगला शिक्षक वर्गात नाव घेऊन कोणाला लाजवत नाही. म्हातारबुवांनीही कधी कोणा एकावर बोट ठेवले नाही. हवा सर्वांची आहे, आधी ऐका, मग बोला, थोडक्यात बोला, दुसऱ्याचे बोलणे चालू असताना मध्ये तोंड घालू नका. चार माणसांत वागायचे हेच नियम त्यांनी पोरांच्या गळी उतरवले, आणि तेही उपदेशाचा सूर न लावता.

हे म्हातारबुवा कोण, ह्यावर वाचकांत तर्ककुतर्क चालत. उत्तर मिळायला जवळजवळ वीस वर्षे लागायची होती.

मुकी वर्षे

६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि सरकारचा हुकूम सुटला : हौशी केंद्रे बंद करा, यंत्रे उतरवा. आकाश एका झटक्यात मुके झाले. यंत्रे चालवणारी असंख्य मुले सैन्यात गेली आणि तिथे बिनतारी संदेशांचे काम करू लागली. मासिकही बंद पडले.

खरी परीक्षा पुढेच होती. युद्ध संपले तरी हवा हौशी लोकांना परत मिळेल याची खात्री नव्हती. बिनतारीचा सगळा कारभार कायमचा नौदलाकडे द्यावा, असे विधेयक १९१८ च्या अखेरीस अमेरिकी संसदेपुढे आले. लीगचे बहुतेक सभासद अजून सैन्यात, तिजोरीत खडखडाट. अशा वेळी मॅक्सिम संसदेच्या समितीपुढे उभे राहिले आणि त्यांनी ह्या मुलांची बाजू मांडली. ठिकठिकाणच्या हौशी लोकांनी आपापल्या प्रतिनिधींना पत्रांवर पत्रे धाडली. विधेयक मागे पडले.

मग संस्था नव्याने उभी करायची होती. लीगने टस्काकडून मासिक विकत घेतले. त्यासाठी लागणारा पैसा सभासदांकडूनच कर्जरोख्यांनी गोळा केला. १९१९ च्या शरद ऋतूत बंदी उठली आणि पुन्हा ठिणग्या कडाडू लागल्या.

पुढच्या चारच वर्षांत ह्या मुलांनी जाणत्यांना तोंडात बोट घालायला लावले. १९२१ च्या डिसेंबरात लीगने आपला एक कसलेला माणूस स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर पाठवला. तिथे बसून त्याने अमेरिकेतल्या हौशी केंद्रांचे संदेश ऐकले. नोव्हेंबर १९२३ मध्ये तर हार्टफर्ड आणि फ्रान्स यांच्यात दोन्ही बाजूंनी संभाषण झाले, तेही सुमारे १०० मीटरच्या लहरींवर. ज्या लहरी टाकाऊ म्हणून पोरांच्या अंगावर फेकल्या होत्या, त्याच वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून समुद्र ओलांडत होत्या. ओसाड जमिनीत सोने निघाले होते.

एप्रिल १९२५ मध्ये पॅरिसला देशोदेशीचे हौशी जमले आणि त्यांनी आंतरराष्ट्रीय संघ स्थापन केला. त्याचे पहिले अध्यक्ष झाले ते मॅक्सिमच.

गुपित फुटले

फेब्रुवारी १९३६. मॅक्सिम आगगाडीने कॅलिफोर्नियाला निघाले होते. वाटेत प्रकृती बिघडली म्हणून त्यांना कोलोरॅडो राज्यातल्या ला हुंटा गावी उतरवले. तिथेच १७ फेब्रुवारीला त्यांनी डोळे मिटले. वय ६६.

त्यांच्यामागे मासिकाने वाचकांना एक गोष्ट सांगितली. ज्या खाष्ट म्हातारबुवांवर सगळे इतकी वर्षे जीव टाकत होते, ज्यांच्या शिव्या खायलाही गोड वाटत, ते म्हातारबुवा म्हणजे लीगचे अध्यक्ष हायरम पर्सी मॅक्सिम! समारंभात सौम्यपणे बोलणारे, कोटाटायमधले रुबाबदार अध्यक्ष आणि रात्री यंत्रापुढे बसून चरफडणारा तो म्हातारा, दोघे एकच होते.

अध्यक्ष म्हणून त्यांना हुकूम सोडता आला असता. तरी चुका दाखवायची वेळ आली, तेव्हा त्यांनी अध्यक्षपदाची झूल उतरवून ठेवली आणि पोरांपैकीच एक होऊन, स्वतःचीही फजिती सांगत, ते बोलले. वीस वर्षांत त्याचे श्रेय मात्र कधी मागितले नाही.

दुःख एकटे येत नाही म्हणतात. पुढच्याच महिन्यात कनेक्टिकट नदीला मोठा पूर आला आणि हार्टफर्डच्या विमानतळावरचे लीगचे प्रसारण केंद्र पाण्यात गेले. अध्यक्ष गेले, केंद्रही गेले.

आता नवे केंद्र उभारायचे होते. त्याला नाव कोणते द्यायचे? हॅमच्या दुनियेत प्रत्येकाला सरकारकडून एक सांकेतिक नाव मिळते. जगात ते दुसऱ्या कोणाचे नसते. तोच त्याचा आवाज, तीच त्याची ओळख. मॅक्सिम यांचे नाव होते ‘डब्ल्यू वन ए डब्ल्यू’. एरवी माणूस गेला की त्याचे नाव हवेतून पुसले जाते. चेल्यांनी हे नाव पुसू दिले नाही. सरकारने ते गुरूंचे स्मारक म्हणून लीगला दिले.

२ सप्टेंबर १९३८ रोजी हार्टफर्डजवळच्या न्यूइंग्टन गावी नव्या केंद्राचे उद्घाटन झाले. तारीख मुद्दाम निवडलेली, मॅक्सिम यांचा जन्मदिवस. त्यांचे जुने ठिणगीयंत्र ‘ओल्ड बेट्सी’ लीगने तिथे जतन करून ठेवले आहे. ते यंत्र आता मुके आहे. केंद्र मात्र बोलते.

आणि बोलते काय? शिकवते! नवशिक्यांसाठी मोर्सचा सराव इथून नेमाने प्रसारित होतो. आधी अगदी सावकाश, मिनिटाला पाच शब्द. मग हळूहळू वेग वाढत पस्तीस शब्दांपर्यंत. बालवाडीच्या बाईंनी पाटीवर ‘ग म भ न’ गिरवून घ्यावे, तसे. २००३ नंतर अनेक देशांत परवान्यासाठी मोर्सची सक्ती उरली नाही. तरीही हे पाठ थांबलेले नाहीत. आता ते इंटरनेटवरही ऐकता येतात. देणाऱ्याचे नाव तेच : डब्ल्यू वन ए डब्ल्यू.

बोट धरणारा माणूस

हॅमच्या बोलीत काही गमतीचे रिवाज आहेत. निरोप घेताना ‘७३’ म्हणायचे, म्हणजे शुभेच्छा. ‘८८’ म्हणजे प्रेम, तेव्हा ते जपून वापरायचे. कोणत्याही पुरुष हॅमला ‘ओल्ड मॅन’ म्हणायचे, तो सोळा वर्षांचा असला तरी. स्त्री हॅम मात्र ऐंशीची झाली तरी ‘यंग लेडी’च. एखादा सोबती जगातून गेला, तर त्याला ‘सायलेंट की’ म्हणतात. म्हणजे ज्याचा खटका आता मुका झाला, तो.

आणि गुरूला म्हणतात ‘एल्मर’. हे नाव कुठून आले? मार्च १९७१ च्या ‘क्यूएसटी’त रॉड न्यूकर्क नावाच्या स्तंभलेखकाने एल्मर फ्रोहार्ट या आपल्या जुन्या मार्गदर्शकाची कृतज्ञतेने आठवण केली. परवाना मिळता मिळता राहिलेले कितीतरी लोक भेटतात, असे त्याचे म्हणणे. बोट धरून शिकवणारा कोणी एल्मर दुसऱ्या गावी निघून जातो आणि शिकणाऱ्याचा उत्साह मावळतो. लेख वाचून प्रत्येकाला आपापला एल्मर आठवला आणि एका माणसाचे नाव साऱ्या गुरूंचे नाव होऊन बसले.

न्यूकर्कने नेमक्या जागी बोट ठेवले होते. हॅमचे तंत्र पुस्तकात आहे, यंत्र बाजारात आहे. पण पहिल्यांदा माइक हातात घेतल्यावर जीभ टाळूला चिकटते, तेव्हा खांद्यावर हात ठेवून ‘बोल, काही होत नाही’ म्हणणारे माणूसच लागते. असे माणूस क्लबात असेल तर क्लब चालतो. ते गेले आणि त्याची जागा कोणी घेतली नाही, तर यंत्रांवर धूळ बसते.

आपल्या आकाशात

भारतात ही हौस १९२१ पासूनची. पण इथेही मुकी वर्षे आलीच. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुटले आणि इंग्रज सरकारने हौशी लोकांची यंत्रे काढून घेतली. स्वातंत्र्यानंतर १५ मे १९४८ रोजी मध्य प्रदेशातल्या महू इथे, लष्कराच्या सिग्नल्स शाळेत, देशातला पहिला राष्ट्रीय हौशी रेडिओ क्लब सुरू झाला. पुढे तोच दिल्लीला जाऊन ‘अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया’ झाला. पॅरिसला मॅक्सिम ज्याचे अध्यक्ष झाले, त्या आंतरराष्ट्रीय संघाची ही भारतातली सभासद संस्था.

साखळीचे महत्त्व आपण किती जवळून पाहिले, त्याची आठवण फार जुनी नाही. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी प्रसारणासाठी अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेले होते. २६ तारखेच्या सकाळी भूकंप झाला, मागोमाग त्सुनामी आली. टेलिफोन बंद पडले. हौसेसाठी नेलेली यंत्रे क्षणात जीवनरेखा झाली. बेटांवरची माणसे सुखरूप आहेत की नाहीत, हे निरोप पोर्ट ब्लेअरहून मुख्य भूमीवरच्या हॅमकडे आणि तिथून घरोघरी गेले. १९१४ साली हार्टफर्डहून विंडसर लॉक्स आणि तिथून स्प्रिंगफील्ड, तीच रीत. फरक एवढाच की ह्या वेळी निरोपाच्या दुसऱ्या टोकाला जीव मुठीत धरून बसलेली आई होती, बायको होती, भाऊ होता.

अशा वेळी नेमके आणि थोडक्यात बोलायचे, आधी ऐकायचे, हवा मोकळी ठेवायची, हे आयत्या वेळी सुचत नाही. ते कोणीतरी आधी, निवांत दिवसांत, हसत-रागावत अंगी बाणवलेले असावे लागते.

भारतात बारा वर्षे पूर्ण झालेला कोणीही मुलगा किंवा मुलगी सरकारी परीक्षा देऊन हा परवाना मिळवू शकते. आपल्या गल्लीत एखाद्या गच्चीवर लांबलचक तार ताणलेली दिसली, तर खाली कोणी एल्मर राहत असण्याची शक्यता आहे. दार वाजवायला हरकत नाही.

तिकडे न्यूइंग्टनहून टिंबे आणि रेघा निघतच असतात. कुठल्या तरी घरात एखादे पोर कानाला हेडफोन लावून, जीभ दातांत धरून, वहीत एकेक अक्षर उतरवत असते. पहिल्यांदा अर्धी अक्षरे चुकतात, मग थोडी कमी. एक दिवस सगळी बरोबर येतात आणि वहीवर नाव उमटते : डब्ल्यू वन ए डब्ल्यू. ते नाव कोणाचे होते, हे त्या पोराला कदाचित ठाऊकही नसेल. म्हातारबुवांना त्याचे काही वाटले नसते. नाव न सांगता शिकवण्याची त्यांना सवयच होती.